दोनदा म्हटलेली ओळ

मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डातला दरारा. बावीस खाटांचा वॉर्ड त्या नुसत्या आवाजावर चालवायच्या. एका सकाळी ड्यूटीवरच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय महिन्याभरात सावरले, पण शब्द काही हाताला लागेनात. ‘दार’ म्हणायचं तर ‘चमचा’ बाहेर पडायचं. नणंद भेटायला आली, तिला त्या ‘बादली’ म्हणाल्या.

“इतकी वर्षं मनात होतं, ते आज ओठांवर आलं,” नणंद म्हणाली. दोघींचं तसं कधीच पटलं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवसापासून ती राहायलाच आली. शाळेतून निवृत्त झालेली बाई. शिकवायला कुणीतरी हवंच होतं.

रोज मोठ्याने वाचायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वर्तमानपत्र सिस्टरांनी तीन ओळींत भिरकावून दिलं. मग नणंदेने कपाटातून सिस्टरांच्या आईचं जाड अक्षरांचं बायबल काढलं आणि स्तोत्रं उघडली.

“वहिनी, इथे प्रत्येक गोष्ट वेगळ्या शब्दांत दोनदा सांगितलीय. पहिल्या ओळीत अडलीस तर दुसरी ओळ हात देईल.”

आणि खरंच तसं झालं. एक शब्द रुसला की त्याचा भाऊबंद पुढच्या ओळीत भेटायचा. रोज सकाळी एक स्तोत्र. देवाला थेट जाब विचारणारं स्तोत्र आलं त्या दिवशी सिस्टर ते वाचता वाचता हुंदके देऊन रडल्या. असं बोललेलं देवाला चालतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

वाचलेल्यातून दिवसाचं एक काम ठरायचं. धीर धरायला सांगितलं असेल, तर ‘कामावर कधी घेता’ म्हणून रुग्णालयाला फोन करायचा नाही. दुबळ्यांची आठवण असेल, तर वरच्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या आजीबाईंकडे जायचं. आणि संध्याकाळी एका गोष्टीबद्दल आभार मानायचे. पहिल्या दिवशी बऱ्याच खटपटीनंतर “चहा” एवढंच निघालं. चाळिसाव्या दिवशी त्या म्हणाल्या, “ताई... तुम्ही आलात.” नणंद उगाच चष्मा पुसत बसली.

पाच महिन्यांत दीडशे स्तोत्रं संपली आणि त्यांना कामावर परत घ्यायचं की नाही, हे ठरवणाऱ्या रुग्णालयाच्या समितीपुढे सिस्टर उभ्या राहिल्या. एका रुग्णाचे कागद मोठ्याने वाचायचे होते. सगळं नीट चाललं होतं, तोच एका औषधाच्या नावाशी जीभ अडली. समितीतल्या एकाने खाली मान घातली.

सिस्टर घाबरल्या नाहीत. “रक्त पातळ ठेवणारं,” त्या म्हणाल्या, “रात्री जेवणानंतर द्यायचं.” एवढं म्हणेपर्यंत नाव आपोआप आलं, मात्रेसकट.

“अडलात तर असंच करणार?” समितीच्या प्रमुखांनी विचारलं.

“हो. आणि तरीही नाही आलं, तर चिठ्ठी दाखवून विचारणार. अंदाजाने औषध देणार नाही.”

प्रमुखांनी तिथेच सही केली.

सोमवारी सकाळी सातला सिस्टरांनी बावीसही खाटांचा अहवाल स्वतः वाचला. नवव्या खाटेपाशी थांबल्या, घोटभर पाणी प्यायल्या, पुढे निघाल्या. मागे दोन नर्स कुजबुजत होत्या. त्यांना सिस्टरांनी असं काही झापलं, की अख्खा वॉर्ड टाळ्या वाजवायला लागला, आणि त्या दोघी सगळ्यांत जोरात.