ग्लेनिस पाण्याला नाव सांगते

आम्हा इथल्या मूळ रहिवाशांचं म्हणणं सरकारनं ऐकावं, अशी सोय घटनेत करायची का, यावर ऑक्टोबरात सगळ्या ऑस्ट्रेलियानं मत दिलं. देश ‘नाही’ म्हणाला. शेजारच्या गोऱ्या ग्लेनिसच्या फाटकावर तर ‘नाही’चा फलक आधीपासूनच होता. आणि आता तीच ग्लेनिस आमच्या दारात उभी.

“डल्सी, घराला धुरी देशील का गं? माझा वॉरेन गेल्यापासून तळ्याकडून मुलं रडतात. डोळ्याला डोळा लागत नाही.”

“कोणत्या तोंडानं आलीस?” मी म्हणाले.

“केरी, तू गप्प बस,” डल्सी आत्यानं मला दटावलं. “आणि ग्लेनिस, गेलेल्या माणसाचं नाव घेऊ नये. त्याचा पाय निघत नाही.”

मला आत्याचाही राग आला. पण तिला एकटीला कशी सोडणार? निलगिरीचा ओला पाला मीच गाडीत भरला.

आत्यानं खोल्याखोल्यांतून धूर फिरवला, ग्लेनिसच्या नवऱ्याला आमच्या भाषेत निरोप दिला. घर हलकं झालं. पण दिवस मावळला आणि तळ्याकडून रडणं आलं. बारीक, दमलेलं.

ग्लेनिसनं आत्याचा हात धरला. “त्यांनाही घालव ना.”

“कुठं घालवू? माझ्या आजीची भावंडं ती. इथंच गोऱ्यांनी गोळ्या घातल्या त्यांना. हे त्यांचं घर आहे.”

“मग मी काय करू? मी जाऊ सोडून?”

“तू कोण, ते सांगितलंस का कधी त्यांना?”

पाण्यावर नवं माणूस आलं की मूठभर वाळू काखेत चोळून पाण्यात टाकायची आणि नाव सांगायचं. आमच्यात तान्ह्या पोरासाठीही आई हे करते. ही बाई सून म्हणून आली, इथंच म्हातारी झाली, आणि एकदाही पाण्याशी बोलली नव्हती.

काठावर जाऊन तिनं वाळू टाकली. “मी ग्लेनिस. त्या घरात राहते.” रडणं चालूच. मग तिला काय वाटलं कोण जाणे. “मी तुमच्या विरुद्ध मत दिलं.”

रडणं थांबलं.

बेडूकसुद्धा गप्प झाले. ते रडणं मी लहानपणापासून ऐकत आले, त्याची भीती कधी वाटली नाही. या शांततेनं मात्र माझ्या अंगावर काटा आला.

“गेली का?” ग्लेनिस कुजबुजली.

“छे गं. ऐकतायत. बोल पुढं.”

ग्लेनिस घराकडं वळू लागली, पण आत्यानं तिचा हात घट्ट धरला.