आकडा बदलून बघ

आमची लायब्ररी, म्हणजे इतरांना वापरायला दिलेला तयार कोड, निसर्गाची नक्कल करते, असं आम्ही माहितीपत्रकात लिहितो. एखाद्या प्रश्नाची शंभर वेडीवाकडी उत्तरं बनवायची, त्यातली बरी ठेवायची, बाकीची मारायची, उरलेल्यांचा आपसात संकर करायचा आणि हे पिढ्यानपिढ्या चालवायचं. शेवटी चांगलं उत्तर हाती लागतं. निदान लागायला हवं.

कोणी जगायचं आणि कोणी मरायचं हे ठरवणारा भाग मी आठ महिने खपून नव्याने लिहिला होता. तो स्वीकारायचा की कचऱ्यात टाकायचा, हे चारच्या बैठकीत ठरणार होतं. सव्वादोनला त्याची चाचणी लाल झाली, म्हणजे नापास.

"आकडा बदलून बघ," काका सहज म्हणाले. काका म्हणजे आमचे प्रमुख. अकरा वर्षांपूर्वी जुना कोड त्यांनीच लिहिला.

आकड्याची भानगड अशी की, कॉम्प्युटर फासे टाकल्यासारखी जी निवड करतो, ती एका आकड्यापासून सुरू होते. आकडा तोच, तर निकालही तोच. चाचणीत सतरा होता. आणि आमच्याकडे रिवाज असा, की चाचणी लाल झाली की हिरवी होईपर्यंत आकडे बदलत राहायचं. जो आकडा हिरवं दाखवेल तो कायम!

माझं डोकंच फिरलं. मी जुना कोड शंभर आकड्यांवर चालवला. पास झाला नऊ वेळा. मग माझा चालवला. शहाण्णव वेळा पास, आणि नापास झालेल्या चारांत नेमका हा मेला सतरा. जुना कोड चांगली उत्तरंही मारून टाकत होता आणि आम्ही त्याला हिरवे टिळे लावत होतो. अकरा वर्षांत आमच्याकडे खरी उत्क्रांती झाली असेल, तर ती त्या आकड्यांची.

मी निकालाचा कागद काकांच्या टेबलावर आपटलाच. "काका, शंभर आकड्यांवर चाचणी घ्या. सत्य काय ते एकदा बाहेर येऊ दे."

आता आरडाओरडा होणार म्हणून मी कंबर कसून उभी होते. काकांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "उद्याच सगळ्यांना पत्र पाठवतो. जुन्या कोडवर काढलेले निकाल धरू नका म्हणून. माझे तीन शोधनिबंध जातील. जाऊ देत."

मला भरून आलं. या माणसाबद्दल मी काय काय बोलले होते!

"यादी करायला घे," त्यांनी पेन पुढे केलं. "आधी डॉक्टरेटचे प्रबंध. तुझा कुठल्या वर्षीचा गं?"

माझा प्रबंधही जुन्या कोडच्या निकालांवरच उभा होता. त्याची पदवी बाबांनी फ्रेम करून बैठकीच्या खोलीत लावली आहे. पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी ते ती दाखवतात.

"एकदा परत बघून येते," म्हणून मी जागेवर आले. चाचणीत सतराचे अठरा केले. हिरवं.

"काका, माझीच चूक झाली," मी दारातूनच सांगितलं. "मोजणीत गडबड होती. जुना कोड ठीक आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"तू स्वतः तपासलंस ना? मग मी कशाला बघू," काका म्हणाले आणि बैठकीला निघाले.