शून्य युनिटांचं नाक

मिरकरवाड्याला, बंदरालगत स्वरूपशेठचा बर्फाचा कारखाना होता, आणि त्या कारखान्यात वास आला की नाही हे एकटा भिकाजी ठरवायचा. बाकीच्या बावीस जणांनाही नाकं होती, पण ती शिंकण्यापुरती. पाणी गोठवायला लागणारा अमोनिया कुठे झिरपला, की भिकाजी मान वर करायचा, दोनदा हुंगायचा आणि म्हणायचा, "तिसरा वॉल्व्ह." तिसराच निघायचा. तीस वर्षं हे असं चाललं होतं.

कोविडात ते नाक गेलं. ताप उतरला, चव अर्धीमुर्धी परतली, वास काही आला नाही. हे फक्त बायकोला ठाऊक. तव्यावर बोंबील जळून कोळसा झाले तेव्हा हा गृहस्थ शेजारी पाठमोरा बसून पेपर वाचत होता.

"अवो, शेठना सांगा एकदा," प्रभावती म्हणाली.

"सांगतो. रिटायर झालो की."

दोन वर्षं उरली होती. नाक गेलेल्या ऑपरेटरला शेठ दुसरं काम काय देणार? बर्फाच्या लाद्या उचलायला पाठ नव्हती.

तोवर दोन गोष्टी त्याला तारत होत्या. एक, मशीनरूमच्या भिंतीतला मोठा पंखा. तो रात्रंदिवस घरघरत, जे काही झिरपेल ते समुद्राकडे फेकून द्यायचा. दुसरी, गंधकाची काडी. ती पेटवून पाइपांजवळून फिरवली, की गळती असेल तिथे पांढरा धूर उठतो. भिकाजी ती अगरबत्त्यांच्या जुडग्यात लपवून रोज सकाळी यंत्रांना ओवाळायचा.

"काका हल्ली लयच देवभोळे झालेत," लाद्या फोडणारा बाबल्या म्हणायचा. "कॉम्प्रेसरला नवस बोललेत की काय?"

"तू तुझी लादी फोड, मेल्या."

मग लहान कारखान्यांसाठी वीजबचतीचं अनुदान आलं. त्याआधी ऊर्जा परीक्षण करून घ्यायचं होतं, म्हणून तेजस्वी मॅडम आल्या. तीन दिवस त्यांनी प्रत्येक मोटरला वीज मोजायचा चिमटा लावून पाहिला. बाई हुशार होत्या. त्यांनी लिहिलं: पंखा वर्षाला तेरा हजार युनिट खातो, गॅसचा सेन्सर बसवावा, म्हणजे गरज असेल तेव्हाच पंखा चालेल.

सल्ला शहाणा होता. पण अनुदान फक्त वीज वाचवणाऱ्या वस्तूंना होतं, आणि सेन्सर तर उलट वीज खातो. स्वरूपशेठनी सल्ल्याचा परवडणारा अर्धा भाग घेतला आणि पंखा काढला. जुनं यंत्र पुन्हा वापरात येऊ नये अशी अट होती, म्हणून तो भंगारात गेला. त्याचा फोटो अर्जाला जोडला गेला. भिंतीतलं भोक बुजवलं. पाइपांना नवा फोम चढवला. फोम पेट घेतो म्हणून आत काडी, अगरबत्ती, सगळं बंद झालं.

भिकाजी केबिनच्या दाराशी गेला. "शेठ, एक सांगायचं होतं."

"आधी हे वाचा, काका." शेठनी अर्ज पुढे केला. 'गळती तपासण्याची व्यवस्था' या रकान्यात लिहिलं होतं: अनुभवी कर्मचारी श्री. भिकाजी यांचे नाक. वीजवापर: शून्य. "सरकारदरबारी नाव गेलं तुमचं! हां, तुम्ही काय सांगत होतात?"

"काय नाय," भिकाजी म्हणाला.

महिन्याभराने तपासणी समिती आली. तीन साहेब, तेजस्वी मॅडम, एक फोटोवाला. मशीनरूमच्या नव्या दाराला आपोआप मिटायची सोय होती. सगळे आत आल्यावर ते मिटलं.

कॉम्प्रेसरवरची उबदार जागा रिकामी होती. तिथे झोपणारी मांजर सकाळीच पिल्लं तोंडात धरून एकेक करून बाहेर नेताना भिकाजीने पाहिली होती. त्याला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

तेजस्वी मॅडमनी नाकाला रुमाल लावला. "मला वास येतोय. तुम्हाला?"

एका साहेबांनी नाक चोळलं. "मला वाटलं, बर्फाच्या कारखान्याला असतोच."

"मला पण येतो," मागे नारळ घेऊन उभा असलेला बाबल्या म्हणाला.

"तुला काय कळतंय त्यातलं?" शेठ हसले. "काका आहेत ना. बोला काका, वास आहे?"

सगळे भिकाजीकडे बघू लागले. हो म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण मग शेठ पुढचा प्रश्न विचारणार: कुठून? गेली तीस वर्षं विचारत आले तसाच. आणि त्याला बोट दाखवावं लागणार.

त्याने मान वर केली. दोनदा हुंगलं.

"नाय. काय नाय."

मॅडमनी रुमाल खाली घेतला. तीस वर्षांच्या अनुभवापुढे त्यांनी स्वतःच्या नाकालाच चुकीचं ठरवलं. साहेबांनी रकान्यात बरोबरची खूण केली. शेठनी नारळ फोडला.

भिकाजीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसलं तरी थांबेना.

"काका भावुक झाले," शेठ म्हणाले. फोटोवाला पुढे सरकला. "पुसू नका, काका. असेच राहा."

मागे बाबल्या खोकला. मग मोठे साहेब खोकले. मग मॅडम.

भिकाजीचा हात तीस वर्षांच्या सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेला. भिंतीवर तिथे एक कोरा चौकोन होता आणि त्याखाली नवी पाटी: वीज वाचवा.