जानकीबाईचा हात

सरकारनं ऊसतोड्यांच्या पोरांच्या वसतिगृहाच्या पैशाला कात्री लावली, तेव्हा जानकीबाईला आतून बरंच वाटलं. दर दिवाळीनंतर ती लेकासुनेबरोबर फडावर जायची आणि नात करिष्मा वसतिगृहात राहायची. तिथं स्वयंपाक करणाऱ्या बायडाबाईनं पोरीला पार आपलंसं केलं होतं. घरी आली की पोरगी आजीला ऐकवायची, "बायडाआजीची भाकर लई मऊ असती."

ग्रामसभा देवळात भरली. सरपंच बबनराव म्हणाले, "गावच्या निधीत आता एकच काम व्हईल. पोरांचं जेवण, न्हाईतर कीर्तनाच्या मंडपावर पत्रे. जानकीकाकू, तुमी माळकरी, तुमीच सांगा."

"पत्रेच टाका," बायडाबाईकडं मुद्दाम बघत जानकीबाई म्हणाली. "देवाच्या कामाला कशापायी मागं सरायचं?"

बायका माना डोलवू लागल्या.

मांडीवरच्या करिष्मानं विचारलं, "आजी, मग मी बी येनार फडावर? तुझ्यासंगं उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधायला?"

जानकीबाई सुखावली, पण घडीभरच. तिच्या लेकालाही, प्रवीणला, याच वयात तिनं फडावर नेलं होतं. तो पुन्हा शाळेत बसलाच नाही, अजून ऊसच तोडतोय. देवाचं नाव पुढं करून आपण काय मागतोय, हे तिला देवापुढंच उमगलं.

"बबनराव, माझं चुकलं. आधी पोरांचं जेवण बघा," म्हणत तिनं हात वर केला. तिच्या मागोमाग बायकांचेही हात वर गेले.

करिष्मा टुणकन उठली आणि थेट बायडाबाईच्या गळ्यात जाऊन पडली. जानकीबाईच्या काळजात सुरी फिरली. पण मोजणी होईपर्यंत तिनं हात खाली घेतला नाही.