कॅचरला कोणी घरी धाडत नाही

"मास्तर, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय," कॅचरच्या मुखवट्याआडून ओसिरिस म्हणाला आणि मातीत टप्पा पडलेला चेंडू त्यानं छातीवर घेतला.

"कसलं उत्तर? आधी चेंडू परत दे."

त्यानं तो पिचरकडे फेकला. साठ फुटांवर तो पिचर, फ्रान्येल, उभा होता. सतरा वर्षांचा, नुसता हाडांचा सापळा, आणि ताशी सत्त्याण्णव मैल वेगानं चेंडू फेकणारा. आमच्या बेसबॉल अकादमीचं सोन्याचं अंडं. पण अंडं भारी घाबरट. तीन चेंडू लागोपाठ वाकडे गेले की त्याचा चेहरा रडवेला व्हायचा. मग ओसिरिस उठून त्याच्याकडे चालत जायचा, कानात काहीतरी पुटपुटायचा आणि पोरगं खुदकन हसायचं. काय सांगतोस रे त्याला, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "काही नाही मास्तर, तुमच्या चालण्याची नक्कल करतो."

"सान पेद्रोच्या टेक्निकल शाळेत वीजकामाला नंबर लागलाय," तो आता म्हणाला. "शुक्रवारी हो म्हटलं नाही तर जागा दुसऱ्याला देतील. मास्तर, खरं सांगा. मी वर जाईन का?"

वर म्हणजे फ्लोरिडाला, आणि तिथून पायरी-पायरीनं मोठ्या लीगमध्ये. इथलं प्रत्येक पोर सकाळी उठतं ते त्या 'वर'साठीच.

मी हातातली नोंदींची वही मिटली. "खाली बस, चेंडू येतोय," एवढंच म्हटलं.

मी नेरेओ फिप्स. बोका चिकाच्या या अकादमीत एकोणीस वर्षं पोरं जोखतोय. धावणं, फेकणं, झेलणं, फटका, प्रत्येकाला वीस ते ऐंशीमधला आकडा द्यायचा. पन्नास म्हणजे मोठ्या लीगच्या लायकीचा. तीसच्या खाली म्हणजे बाबा, तू दुसरं काहीतरी बघ. फुशारकी म्हणा हवं तर, पण मी 'हो' म्हटलेली सहा पोरं आज मोठ्या मैदानांवर खेळतात आणि 'नाही' म्हटलेलं एकही मला खोटं पाडू शकलेलं नाही. फक्त एक नियम कडक आहे, की आकडा पोराला कळू द्यायचा नाही. एकोणीस वर्षांत मी तो एकदाही मोडला नव्हता.

ओसिरिसचं झेलणं साठ होतं. डोक्याला आकडा देत नाहीत, नाहीतर तिथं सत्तर लिहिला असता. फटका मात्र पंचवीस. त्याची बॅट निघेपर्यंत चेंडू पलीकडच्या कॅचरकडे जाऊन जेवून झोपलेला असायचा. तीन वर्षं मी वाट पाहिली, पहाटे उठवून शेकडो चेंडू मारायला लावले. आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुपारी मी ओवायेसच्या खोलीत गेलो. ओवायेस अकादमीचा प्रमुख. कधीकाळी माझ्याच हाताखाली दुसऱ्या बेसवर खेळायचा, म्हणून अजून मला मास्तर म्हणतो. या हंगामात कोणाला घरी धाडायचं ती यादी त्याच्यापुढं होती. नऊ नावं. ओसिरिसचं नाव नव्हतं.

"हा कसा राहिला?" मी विचारलं.

"मास्तर, कॅचरला कोणी घरी धाडतं का? जानेवारीत चार नवे पिचर येतायत. त्यांनी काय भिंतीवर फेकायचं? राहू द्या अजून दोन वर्षं."

"आणि दोन वर्षांनी?"

"तेव्हाचं तेव्हा."

"आणि तो विचारतो त्याला काय सांगू?"

"नेहमीचंच. छान चाललंय, मेहनत कर." ओवायेस हसला. "तुम्हीच शिकवलंत की हे आम्हाला."

शिकवलं होतं, खोटं कशाला बोलू? माझी कानशिलं तापली आणि मी दार आपटून बाहेर पडलो.

बुधवारी जेवणानंतर मी ओसिरिसला बदामाच्या झाडाखाली बोलावलं. बाकीची पोरं डॉमिनोच्या सोंगट्या आपटत आरडाओरडा करत होती.

"तुझा फटका पंचवीस आहे," मी म्हटलं. "पहिल्या वर्षी पंचवीस, आजही पंचवीस. तू वर जाणार नाहीस, पोरा."

तो माझ्याकडे बघत राहिला, तसा मीच बोलत सुटलो. "मीही कॅचर होतो. नऊ वर्षं होतो, याच मालकांच्या संघांत. अमेरिकेतल्या कसल्याकसल्या गावांत, बसमध्ये झोपून. दर हंगामाला मला सांगायचे, नेरेओ, छान चाललंय, मेहनत कर. मी इकडे शिकवायला लागलो तेव्हा जुनी कपाटं आवरताना माझ्याच जोखणीचा कागद हाती लागला. दुसऱ्या वर्षीचा. लिहिलं होतं, 'फटका नाही. पिचरांसाठी ठेवा.' दुसऱ्या वर्षीचा रे! पुढची सात वर्षं मी भिंत होतो आणि मला वाटत होतं, मी खेळाडू आहे."

हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलेलं नव्हतं.

ओसिरिसनं नाक पुसलं. "मग झेलणं किती आहे?" त्यानं विचारलं.

"साठ."

"साठ?" तो एकदम ताठ बसला. "मोठ्या लीगवाल्यांचं पन्नास असतं ना?"

"त्यांच्यातही साठवाले मोजकेच."

पोरगं रडत होतं आणि हसतही होतं. मी उगाच डॉमिनोवाल्यांना शिव्या घातल्या.

गुरुवारी त्याची आई फाटकावर हजर. डोन्या एनेइदा, किनाऱ्यावर मासे तळून विकणारी बाई. हातातला झारा तसाच घेऊन आली होती.

"कोण तो फिप्स? माझ्या लेकाचं वाटोळं करणारा?"

"मीच, बाई."

"तीन वर्षं मी गल्लीभर सांगत फिरतेय, माझा ओसिरिस वर जाणार म्हणून! आता काय तोंड दाखवू? आणि एवढं कळत होतं, तर पहिल्याच वर्षी का नाही सांगितलंत?"

"पहिल्या वर्षी कोणालाच कळत नाही बाई, मलाही नाही. गेल्या वर्षी मात्र कळलं होतं. तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही, ती चूक माझी."

ती भांडायलाच आली होती, पण समोरचा भांडेना म्हटल्यावर तिची पंचाईत झाली. झारा खाली करून म्हणाली, "मग काहीच जमत नव्हतं का हो त्याला?"

तिला फाटकातच उभं करून मी वही उघडली आणि एकेक पान वाचून दाखवलं. बारा जूनला याच्या हातून एकही चेंडू निसटला नाही. तीन जुलैला यानं पिचरचा दुखरा खांदा डॉक्टरच्या आधी ओळखला आणि मला खुणेनं बोलावलं. या संघातले पाच पिचर वर गेले तर त्यांना घडवण्यात तुमच्या लेकाचा हात आहे, बाई. ती ऐकत गेली, मध्येच "थांबा, ते परत वाचा" म्हणाली. जाताना तिनं तीन जुलै ही तारीख दोनदा घोकली. गल्लीत सांगायला लागणार होती ना!

शुक्रवारी सकाळी ओसिरिस आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओवायेसच्या खोलीत शिरला. मी दारातच होतो. आजवर शेकडो पोरं त्या खोलीतून रडत बाहेर पडताना मी पाहिली. कोणी टेबलाला धरून बसायचं, कोणाला उचलून आणावं लागायचं. आपल्या पायांनी आत जाऊन "मी निघालो, साहेब" म्हणणारा हा पहिलाच. गणवेश घडी करून त्यानं टेबलावर ठेवला, ओवायेसशी हात मिळवला आणि आभारही मानले. छाती माझी फुगली. माझं पोर होतं ते.

तो गेल्यावर ओवायेस माझ्याकडे वळला. "आकडा कोणी सांगितला त्याला?"

"मी."

"मास्तर, हे मला वर कळवावं लागेल. नोकरीवर बेतेल तुमच्या."

"कळव. नावाचं स्पेलिंग नीट लिही म्हणजे झालं."

"आणि उद्या फ्रान्येलचे चेंडू कोण झेलणार? नवीन कॅचर यायला पंधरा दिवस आहेत."

शनिवारी सात वाजता फ्रान्येल मैदानात आला तेव्हा मी छातीचं कवच बांधून, मुखवटा चढवून प्लेटमागं, ओसिरिसच्या जागी, बसलो होतो. वय वर्षं अठ्ठावन्न. खाली बसताना दोन्ही गुडघे असे वाजले की कुंपणावरची कोंबडी दचकली.

"मास्तर, हळू टाकू का?" पोरानं काळजीनं विचारलं.

"हळू टाकलास तर तुझं नाव आजच यादीत घालतो."

पहिला चेंडू आला. तळहात कोपरापर्यंत पेटला, डोळ्यांत पाणी आलं. पण चेंडू हातात होता. दुसरा वाकडा गेला, तिसरा त्याहून वाकडा, आणि फ्रान्येलचा चेहरा उतरला. मी जमिनीवर हात टेकून उठलो आणि लंगडत-लंगडत त्याच्याकडे निघालो. माझं ते चालणं बघून त्याला हसू आवरेना.

"हास लेका, हास," मी म्हटलं आणि परत येऊन बसलो. "आता सरळ टाक. पुरा जोर लावून."