थोरल्या जावयांची तिसरी बॅटरी

सासऱ्यांना जावई दोन होते, पण 'जावईबापू' एकच. थोरला आला की सासरे उठून दारापर्यंत जात आणि "या, या, जावईबापू!" म्हणत. धाकटा आला की बसल्या जागेवरून मान आत वळवून सांगत, "अगं, हेही आलेत."

थोरल्यात काही दोष काढता येत नव्हता, हाच त्याचा मोठा दोष होता. नळ गळला, कडी अडकली की फोन त्याला जाई आणि तो हातातलं काम टाकून येई. येऊन दुरुस्ती मात्र करत नसे. बदलून टाकी. नळ बदली, कडी बदली. एकदा कुरकुरणाऱ्या खुर्चीसाठी बोलावलं तर नवी खुर्चीच घेऊन आला. "बदलून टाकू, डोक्याला ताप नको," एवढंच त्याचं यंत्रशास्त्र. धाकट्याच्या मते याला अक्कल लागत नाही, मोटारीची डिकी मोठी लागते. हे मत तो परतताना बायकोला ऐकवी. बायको म्हणे, "मग तू एखादी कडी तरी आण."

सध्या बिघडली होती ती गाडी. गाडी म्हणजे घरामागच्या हिरवळीवरचं गवत कापायची, वर बसून चालवायची. डॉक्टरांनी मोटार बंद केल्यापासून सासऱ्यांच्या हाती स्टिअरिंग म्हणून एवढंच उरलं होतं. गवत वाढो न वाढो, रोज सकाळी टोपी घालून ते तिच्यावर बसत. कापण्याजोगं काही नसेल तर पाती वर उचलून नुसताच फेरफटका मारत. आणि आता किल्ली फिरवली की गाडी फक्त 'टक्' करी.

थोरल्याने नवी बॅटरी आणली. गाडी चालली, सासूबाईंनी शेजारणीला भिंतीवरून सांगितलं, आणि काही दिवसांत पुन्हा टक्. त्याने दुसरी आणली. तिचीही तीच गत. सासरे म्हणाले, "हल्ली बॅटऱ्याच वाईट निघतात." बॅटऱ्या वाईट, कारखाने वाईट, जमाना वाईट, जावईबापू चांगले.

धाकट्याला हे सहन होईना. त्या गाडीत त्याचाही वाटा होता. थंडीत त्याने इंजिनाची झाकणं, पत्रे, बारीकसारीक भाग सुटे करून तिला हिरवागार रंग दिला होता, दोन हात, कानाकोपरा न सोडता. सासरे तेव्हा म्हणाले होते, "वा, छान दिसतेय हो!" त्या घरात त्याच्या वाट्याला आलेली ही एकमेव वाहवा. एरवी तो विम्याच्या कचेरीत लोकांचे अपघात वाचत असे. आता त्याने रात्रीचं जेवण मोबाइलसमोर ठेवून चार्जिंगचे व्हिडिओ पाहिले, विजेचा मीटर विकत घेतला आणि रविवारी सासुरवाडी गाठली.

थोरला आधीच हजर होता. डिकीत तिसरी बॅटरी.

"थांबा," धाकटा म्हणाला. "आधी मोजू."

"मोज ना राव," थोरला आनंदाने म्हणाला. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

हे तो इतक्या मोकळेपणाने म्हणाला की धाकट्याची पहिली मजा तिथेच गेली.

जुनीच बॅटरी थोरल्याच्या मोटारीला जोडून थोडी भरून घेतली, तारा काढल्या आणि गाडी सुरू केली. धाकट्याने मीटरच्या दोन्ही तारा बॅटरीला टेकवल्या. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. आकडा बारावरच पाय मोडून बसला होता.

"बॅटरीत दोष नाहीच," तो जरा मोठ्याने म्हणाला, म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत जाईल इतक्या. "तिला खायलाच मिळत नाहीये. उपाशी माणूस बदलून दुसरा उपाशी माणूस बसवताय तुम्ही."

"अगं बाई," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. बायकोने मान बाहेर काढली. धाकट्याचं आयुष्य थोडंसं सार्थकी लागलं.

त्याने फ्यूज पाहिला, शाबूत. इंजिनातून येणाऱ्या दोन तारा सोडवून मोजल्या. वीज भरपूर तयार होत होती. म्हणजे मधला रेग्युलेटर, ही वीज बॅटरीला मानवेल अशी करून देणारी चपटी डबी, तोच काम करत नव्हता.

"मग तो बदलून टाकू!" थोरल्याने चुटकी वाजवली आणि मोटार काढून दुकानाकडे सुटला.

सासरे कौतुकाने बघत राहिले. "माणूस एका पायावर तयार असतो."

धाकट्याने दात आवळून शेवटची तपासणी केली. ही डबी इंजिनाच्या धातूला नागडी टेकलेली असावी लागते. तेच तिचं अर्थिंग. मीटरची एक तार डबीला, दुसरी बॅटरीच्या वजा टोकाला. मीटरने पीप करायला हवं होतं. मीटर गप्प. त्याने बोल्ट काढले, डबी उचलली. खाली पत्र्यावर गुळगुळीत, हिरवागार, दोन हात दिलेला रंग होता. डबीच्या पाठीवरही होता. बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा होता. त्याच्यासारखं चोख काम दुसऱ्या कुणी केलं नसतं.

दोष सांगावा तर रंग सांगावा लागणार, आणि रंग कुणाचा हे कुणी विसरू नये याची काळजी त्यानेच घेतली होती. गप्प बसावं तर थोरला येऊन नवी डबी लावणार आणि ओवाळून घेणार. त्याने इकडेतिकडे पाहिलं, पॉलिश कागदाने रंग घासून पत्रा लख्ख केला, जुनीच डबी परत बसवली आणि गाडी चालू केली. चौदा पूर्णांक दोन.

"झाली!" तो ओरडला.

सगळे जमले. नेमका तेव्हाच थोरला खोका घेऊन आला.

"काय झालं होतं?" सासऱ्यांनी विचारलं.

"अर्थिंग सुटलं होतं."

"कशानं?"

थोरला वाकून बघत होता. गवतावर हिरवी पूड पडली होती. त्याने पुडीकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं आणि सरळ होत म्हणाला, "सुटतं हो कधीकधी. पण काय शोधून काढलंस रे! मानलं बुवा."

धाकट्याला वाटलं, याने चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"तो मीटर दे की मला दोन-चार दिवस," थोरला म्हणाला. "शिकतो म्हणतो मीही."

धाकट्याच्या डोळ्यांपुढे पुढची सगळी वर्षं उभी राहिली: मोठी डिकी आणि वर मीटरही.

"नको, नको," तो घाईने म्हणाला. "तो... जरा चुकीचं दाखवतो."

सासऱ्यांनी टोपी मागे सारली.

"म्हणजे आत्ता दाखवलं ते?"

"तसं नाही, ते बरोबर होतं..."

"राहू द्या," थोरला सासऱ्यांना समजुतीने म्हणाला. "नवा रेग्युलेटर आणलाच आहे, लावून टाकू. बॅटरीही घालू तिसरी. डोक्याला ताप नको."

धाकट्याने पाना धरून दिला. नवी डबी लख्ख घासलेल्या पत्र्यावर छान बसली. सासरे गाडीवर चढले, किल्ली फिरवली आणि हिरवळीच्या टोकापर्यंत जाऊन वळताना त्यांनी थोरल्याला हात केला.

धाकट्याने जुनी डबी उचलून रुमालात गुंडाळली.

"ती कशाला नेतोस?" बायकोने विचारलं. "बिघडलेली आहे ना?"

थोरला शेजारीच हात पुसत उभा होता.

"हो," धाकटा म्हणाला. "पार गेलीय."