घरात काढायचा नाही असा शब्द

इंग्रजीतले काही शब्द आपल्याकडे पाहुणे म्हणून आले आणि घरजावई होऊन बसले. 'फिट' हा त्यातला सगळ्यात आगाऊ. कपडा फिट, नळाचं फिटिंग, गाडीचं फिटनेस, म्हातारा अजून फिट, एखादी गोष्ट डोक्यात फिट्ट बसलेली, आणि भांडण मिटलं की पोरं एकमेकांना टाळी देत म्हणणार, फिट्टंफाट! मास्तरिणीच्या घरात तर हा शब्द टाचण्यांसारखा कुठंही पडलेला असायचा. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत संसार, मध्ये एक पडदा. पडद्याआड गिऱ्हाईक बायका कपडे चढवून बघायच्या आणि ओरडायच्या, "मास्तरीण, कमरेत जरा फिट कर गं!" तिला मास्तरीण म्हणायचे कारण ती टेलरमास्तरांची मुलगी, आणि बापाची कात्री तिच्याकडेच आली होती. नवरा शहरातल्या बसवर ड्रायव्हर. उभ्या नोकरीत त्यानं कुणाला ओरखडा काढला नव्हता, आणि हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

त्या दिवशी ती त्याच्या नव्या युनिफॉर्मचं फिटिंग बघत होती. ड्रायव्हर लोकांची वर्षाची वैद्यकीय तपासणी जवळ आली होती, आणि तपासणीला नव्या शर्टातच जायचं हा त्याचा हट्ट. तोंडात टाचण्या धरून ती खांद्याची शिवण घेत होती.

"हात खाली सोडा," ती टाचण्यांमधून पुटपुटली.

त्यानं सोडला नाही. त्याचा अंगठा शर्टाच्या काठावर घासत राहिला, एकाच लयीत, दुकानात कापडाचा पोत बघतात तसा. तिला हसू आलं. या माणसाला सुती आणि रेशमी यातला फरक जन्मात कळला नव्हता. आज काय पारखताय, असं विचारायला तिनं वर पाहिलं, तर त्याचे डोळे तिच्यावर होते आणि तिला बघत नव्हते. मग तो ताठ झाला आणि मशीनच्या बाजूला कोसळला.

हातपाय झटके खात होते, तोंडाच्या कडेला फेस आला. तिनं तोंडातल्या टाचण्या थुंकल्या आणि कापडाचा गठ्ठा त्याच्या डोक्याखाली सारला. नव्या शर्टातल्या टाचण्या त्याच्या खांद्यात रुतत होत्या आणि तिला त्या काढता येत नव्हत्या, कारण खांदा थांबतच नव्हता. काही करता येत नाही म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. ती नुसती त्याच्याजवळ बसून राहिली.

बऱ्याच वेळानं तो उठून बसला. शर्टावर रक्ताचे ठिपके बघून म्हणाला, "टोचलंस ना शेवटी?"

"अहो, फिट आली होती तुम्हाला."

"काहीतरीच. चक्कर आली असेल. सकाळपासून पोटात काय आहे?"

तिनं सगळं सांगितलं. अंगठा, डोळे, फेस. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला.

"मला तर काही आठवत नाही."

"कसं आठवेल? तुम्ही नव्हतातच."

"मग होतो कुठे?"

ती खाली वाकून सांडलेल्या टाचण्या वेचायला लागली.

ड्रायव्हरला हे दुखणं निघालं की लायसन जातं, हे त्या घरात दोघांनाही ठाऊक होतं. लायसन गेलं की माणूस डेपोत बस धुतो, नाहीतर घरी बसून भिंती मोजतो. तो शर्ट काढून उभा राहिला आणि म्हणाला, "तो शब्द या घरात परत काढायचा नाही."

"मग काय म्हणू? आकडी म्हणू?"

"काहीच म्हणायचं नाही."

आता शिवणकामाच्या घरात हा शब्द काढायचा नाही म्हणजे दुधाच्या डेअरीत दूध म्हणायचं नाही. पडद्याआडून कुणी विचारलं, "फिट झालाय का गं?" की मास्तरिणीची कात्री थांबायची. ती आतल्या खोलीकडे बघायची आणि म्हणायची, "मापात आहे", "अंगाबरोबर बसलाय". एका गिऱ्हाइकानं विचारलंसुद्धा, "इतकी शुद्ध बोलायला कधीपासून लागलीस?" नळवाला आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "फिटिंग ढिलं आहे." ड्रायव्हरनं अर्धा चहा तसाच ठेवला आणि चपला घालून बाहेर निघून गेला. नळवाला बिचारा आपलं काय चुकलं म्हणून पान्याकडे बघत बसला.

तिनं नणंदेला फोन केला. नणंद मोठी, तिचं तो ऐकायचा.

"आमच्या घराण्यात असलं काही नाही हो, वहिनी," नणंद म्हणाली. "तुमच्या माहेरी असेल."

दुखणं नवऱ्याला आणि खापर माहेरावर. मास्तरिणीनं फोन ठेवला आणि एक बाही उलटी शिवली.

तपासणीच्या दिवशी तो नवा शर्ट घालून गेला. खांद्यावरचे डाग तिनं धुऊन काढले होते. परत आला तो हसतच.

"डॉक्टरांनी सगळं विचारलं. कधी चक्कर, कधी फिट? सांगितलं, एकदा चक्कर आली होती, उपाशी होतो. खोटं कशाला बोलू? डॉक्टर म्हणाले, तुमची बससुद्धा तुमच्याइतकी फिट नसेल!"

आणि मग आपणच तो शब्द काढला हे त्याच्या लक्षात आलं. तो हात धुवायला गेला आणि उगाच बराच वेळ धूत राहिला. तिला त्याचा राग आला आणि कीवही आली. तो खोटं बोलत नव्हता, हीच तर अडचण होती. जे झालं ते एकट्या तिनं पाहिलं होतं, आणि ज्याला झालं तो मनापासून नाही म्हणत होता.

ती एकदा डेपोत जाऊनही आली. खिडकीतल्या कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांनी स्वतः सांगायला हवं, ताई. नाहीतर तुमची लेखी तक्रार द्या. मग त्यांना बोलावून तुमच्यासमोर विचारावं लागेल. लिहून घेऊ?"

तो तिथंच पलीकडे, आपल्या बसच्या काचा पुसत होता. काच पुसून झाली की मान तिरकी करून बघायचा, डाग राहिला का. तिच्यानं लिहवेना. "उद्या येते," म्हणाली आणि मागच्या फाटकानं बाहेर पडली. तो उद्या काही उजाडला नाही.

मग ती त्याच्या बसनं फिरायला लागली. अस्तर आणायचंय, दोरा संपलाय, बटणं जुळवायचीत, कारणांना तोटा नव्हता. ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसायची. "एवढं प्रेम कुठून उतू चाललंय?" तो आरशातून म्हणायचा, पण त्याला बरं वाटायचं. कंडक्टर तिला तिकीट देताना "वहिनी" म्हणायचा आणि खिडकीची जागा मोकळी करून द्यायचा. ती खिडकीबाहेर बघतच नसे. तिची नजर त्याच्या अंगठ्यावर. स्टिअरिंगवरचा अंगठा स्थिर असला की हिचा श्वास चालू. तिला शिलाई मशीनचं पायडल ठाऊक, बसचा ब्रेक कुठला तेही ठाऊक नाही. काही झालंच तर आपण काय करणार आहोत, हा प्रश्न ती रोज स्वतःला विचारायची आणि रोज तिकीट काढायची.

त्या सकाळी बस भरलेली होती. उड्डाणपुलाच्या अलीकडच्या थांब्यावर माणसं चढली, दार लागलं आणि कंडक्टरनं डबल बेल दिली. डबल बेल म्हणजे चला. बस हलली नाही. त्यानं परत दोरी ओढली. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो ड्रायव्हर, झोपलात काय?" लोक हसले. तिसऱ्यांदा बेल झाली.

तिला मागून त्याची मान दिसत होती, आणि स्टिअरिंगवरचा अंगठा. अंगठा स्टिअरिंगच्या कडेवर घासत होता, एकाच लयीत.

"अहो," ती म्हणाली. "अहो!"

आरशात त्याचे ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलताना दिसत होते. ती उठून त्याच्या बाजूला आली तेव्हा डोळे समोर पुलाच्या चढावर होते, आणि पलीकडे उतार होता, आणि उताराखाली गर्दीचा चौक. मग अंगठा थांबला. त्यानं डोळे मिचकावले, सहज हात गिअरकडे नेला.

"बस पुढे नेऊ नका."

"काय गं? जाऊन बस जागेवर."

"नाही न्यायची बस. उतरा खाली."

आता बसमध्ये गलका झाला. "बाई, कामावर उशीर होतोय!" "घरची भांडणं घरी करा!" एक जण तर तिला हातानं बाजूला सारायला आला. तिच्या बाजूनं एक माणूस नव्हता. तिनं एका हातानं दांडा धरला, दुसऱ्यानं नवऱ्याचा खांदा, ज्या खांद्यात टाचण्या रुतल्या होत्या तोच, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "यांना फिट येते. आत्ता आली होती."

इतके दिवस तोंडात दाबून धरलेला शब्द बाहेर पडला. मघाशी 'झोपलात काय' म्हणून ओरडलेला माणूस सगळ्यात आधी उतरला, मग बाकीचे. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, त्याच्याकडे तर नाहीच. मागून आलेल्या दुसऱ्या बसमध्ये कंडक्टरनं त्यांना चढवून दिलं.

रिकाम्या बसमध्ये तिघं उरली. इंजिन बंद करून तो सीटवरच बसला होता, कान लाल झालेले. कंडक्टर परत आत आला तेव्हा त्याला म्हणाला, "बेल दिलीस आणि मी निघतच होतो. एवढ्यात हिनं तमाशा केला."

कंडक्टरनं मान खाली घातली.

"दादा, मी तीनदा दिली."

"एकदा दिलीस."

"तीनदा. आईशप्पथ. माणसं ओरडत होती तुमच्या नावानं."

"मी एकच ऐकली," तो म्हणाला. परत म्हणाला, या वेळी स्वतःशी, "मी एकच ऐकली."

कंडक्टर डेपोला फोन करायला खाली उतरला. ड्रायव्हरनं चावी काढली, समोरच्या फळीवर ठेवली आणि तिच्या शेजारच्या सीटवर येऊन बसला. आपल्याच बसमध्ये तो कधी प्रवाशाच्या जागी बसला नव्हता. पाय कुठे ठेवावेत हेही त्याला सुचत नव्हतं.

"मला खरंच काही माहीत नाही गं," तो म्हणाला. "माझ्याच अंगात काय होतं, ते मला दुसऱ्यांनी सांगायचं."

"माझं चुकलं असेल तर..."

"कसं होतं ते दाखव."

"काय?"

"कसा दिसतो मी? करून दाखव."

"नको हो."

"तू बघितलंस, त्यानं बघितलं, आख्ख्या बसनं बघितलं. मी एकट्यानंच बघितलं नाही. दाखव."

तिनं आपल्या बाहीची कड अंगठा आणि बोटात धरली. आयुष्यभर कापड असंच धरलं होतं, म्हणून हात लगेच जमला. अंगठा घासायला लागला. ओठ हलवले. डोळे मात्र जमेनात. त्याच्याकडे बघायचं आणि त्याला बघायचं नाही, हे तिला आजवर कधी करावं लागलं नव्हतं. तिनं परत प्रयत्न केला, आणि या वेळी जमलं.

"अगं," तो म्हणाला.

ती आरपार बघत राहिली.

"अगं, इकडे बघ. ऐकतेस का? अगं!"

त्याचा आवाज चिरला. त्या दिवशी टाचण्या थुंकून तिनं त्याला अशाच हाका मारल्या असतील, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. तो रडायला लागला.

"पुरे," म्हणाला. "पुरे आता. कळलं."

त्यानं तिचा अंगठा आपल्या मुठीत धरला. तरी तो अंगठा थोडा वेळ हलतच राहिला.